वांचलेला वेळ जातो कोठें ?

सोलापुराहून अक्कलकोटास श्रीस्वामी समर्थांच्या दर्शनाला जाणारे लोक हजारों. परंतु त्याच रस्त्यावर, शहरापासून थोड्याच कोसांवर असलेल्या कुंभारी गांवीं मुद्दाम उतरणारा प्रवासी विरळाच. प्रवासवर्णन लिहिणारांची लेखणीही या गांवावरून बहुधा तशीच पुढें निघून जाते. आम्हांस मात्र दक्षिण सोलापूर तालुक्यांतील हें गांव पाहण्याची इच्छा बरेच दिवस होती. घरोघरीं यंत्रें आलीं, हातोहातीं दूरध्वनि आले, प्रत्येक काम पूर्वीच्या निम्म्या वेळांत होऊं लागलें, आणि तरीही ज्याला विचारावें तो 'वेळ नाहीं' म्हणतो, याचें कारण काय, हा प्रश्न आमच्या मनांत घोळत होता. त्याचें उत्तर आम्हांस पुस्तकांपेक्षां कुंभारीस अधिक स्पष्टपणें मिळालें, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रवासापासूनच आरंभ करूं. आगगाडी सोलापुरास पोंचली ती १८६० सालीं. त्यापूर्वी पुण्याहून सोलापूर म्हणजे कित्येक दिवसांची बैलगाडीची वाट होती. आमच्या तरुणपणींही या प्रवासांत सारा दिवस मोडे. १० फेब्रुवारी १९२३ नव्हे, २०२३ रोजीं, म्हणजे अगदीं आमच्या डोळ्यांदेखत, 'वंदे भारत' नांवाची वेगवान गाडी मुंबई-सोलापूर मार्गावर धांवूं लागली, आणि पुणें-सोलापूर हें अंतर तीन-साडेतीन तासांवर आलें. या गाडीनें आमचे निदान दोन तास वांचविले, याबद्दल तिचे उपकारच मानले पाहिजेत. पण आमच्या डब्यांत त्या वांचलेल्या तासांचें काय होत होतें ? शेजारचे गृहस्थ मांडीवर संगणक उघडून कचेरीचे हिशेब पाहत होते. समोरची एक तरुण मुलगी कानाला यंत्र लावून कोणत्या तरी सभेस हजर होती, आणि मध्येंच तोंडावर हात धरून पोळीचा घांस घेत होती. भीमेचें पात्र केव्हां मागें पडलें, हें दोघांसही कळलें नाहीं. जुन्या संथ गाडींत रिकामपण तिकिटाबरोबर फुकट मिळे. माणूस खिडकींतून ज्वारीचीं शेतें पाही, अनोळखी मनुष्याशीं बोले, शेंगदाण्याची चटणी वांटून खाई. गाडी वेगवान झाली, आणि प्रवासाचा डबा ही कचेरीची एक खोली बनली.

सोलापूर शहर तर काळाचे हिशेब कसे बदलतात याची पाठशाळाच आहे. येथील पहिली कापडगिरणी १८७७ सालीं सुरू झाली. पुढें आणखी गिरण्या निघाल्या, आणि शहराचा दिवस त्यांच्या भोंग्यांवर चालूं लागला. चूल पेटविणें, डबा भरणें, मुलांना शाळेस धाडणें, सारें भोंग्याच्या सुरावर होई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि भोंगेही मुके झाले. भोंग्याची सत्ता कठोर होती यांत शंका नाहीं. उशीर झालेल्याची मजुरी बुडे. परंतु त्या भोंग्याचा एक गुण आम्हां शिक्षकांच्या तात्काळ लक्षांत यावा असा होता. तो दोनदां वाजे ! पहिला भोंगा कामावर बोलावी, आणि दुसरा भोंगा कामांतून सोडी. शाळेची घंटाही अशीच. तास भरल्याची ती आठवण देते, तशी सुटल्याचीही देते. मुलांस तिचा दुसरा नादच अधिक प्रिय असतो. आजच्या दूरध्वनीचा नाद मात्र नेहमीं बोलावण्याचाच असतो. 'आतां सुटलांत, घरीं जा,' असें तो कधींच सांगत नाहीं.

हातमाग जाऊन यंत्रमाग आले, तेव्हांही हेंच झालें. हातमागावर एक विणकर एक माग चालवी. विजेच्या मागावर कापड कितीतरी पटीनें निघूं लागलें, तेव्हां विणकराचा दिवस अर्धा व्हावयास हवा होता. झालें असें कीं, एका माणसाकडे एकाऐवजीं अनेक माग सोंपविण्यांत आले. आणि यंत्रमागाच्या धंद्यांत बारा तासांची पाळी ही आजही अपरिचित गोष्ट नव्हे. यंत्रानें वेळ वांचविला हें खरें; पण तो वांचलेला वेळ विणकराच्या गांठीस लागला नाहीं.

हे विचार करीत आम्ही कुंभारीस पोंचलों. गांवाच्या नांवांत कुंभार आहे, पण आज या गांवाची कीर्ति मडक्यांपेक्षां घरांकरितां अधिक आहे. येथील माळावर विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थेनें दहा हजार घरांची वसाहत उभारली. कामगारांचे पुढारी नरसय्या आडम, ज्यांस सारें सोलापूर 'आडम मास्तर' म्हणून ओळखतें, यांच्या चळवळीचें हें फळ. २००६ सालीं तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्तें या घरांच्या किल्ल्या देण्यांत आल्या. पुढें असंघटित कामगारांकरितां 'रे नगर' ही तीस हजार घरांची दुसरी योजना याच गांवीं निघाली. तिची कोनशिला जानेवारी २०१९ मध्यें बसली, आणि पहिल्या पंधरा हजार घरांचें लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीं केलें. ओळीनें उभीं असलेलीं तीं लहान घरें पाहिलीं म्हणजे मनुष्याच्या संघशक्तीविषयीं आदर वाटल्याशिवाय राहत नाहीं.

पहिल्या वसाहतीस कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांचें नांव आहे. पुण्याच्या गोखले घराण्यांत जन्मलेल्या या विदुषीनें १९४५ पासून ठाणें जिल्ह्यांतील वारल्यांमध्यें राहून वेठबिगारीविरुद्ध लढा दिला, हें आमच्या अनेक वाचकांस ठाऊक असेलच. वेठ म्हणजे काय ? स्वतःच्या शेताची पेरणी खोळंबली असतां मालकाच्या शेतावर फुकट राबावें लागणें. म्हणजे आपल्या दिवसावर दुसऱ्याची मालकी असणें. ज्यांनीं गरिबांस त्यांचे दिवस परत मिळवून दिले, त्यांचें नांव लाभलेल्या वसाहतींत आजच्या दिवसांची विचारपूस करणें आम्हांस उचितच वाटलें.

एका घराच्या उंबऱ्याशीं पन्नाशीची एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत बसली होती. सोलापुरांतील पुष्कळ विडी कामगार स्त्रियांप्रमाणें तिची घरची भाषा तेलुगु, पण मराठी अस्खलित. आम्ही शाळामास्तर आहों हें कळतांच तिनें सून बोलावून आम्हांस पाणी दिलें. स्वतःचे हात मात्र क्षणभरही थांबविले नाहींत. भिजविलेलें तेंदूचें पान मापानें कातरावें, त्यांत तंबाखू भरावी, वळावें, तोंड मुडपावें आणि दोरा बांधावा. हें सारें ती आमच्याकडे पाहत, बोलत करीत होती. मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबानें, आणि हजार विड्या म्हणजे साऱ्या दिवसाचें काम. बाजूस भिंतीला टेकून दूरध्वनि ठेवलेला होता.

आम्ही विचारलें, "ताई, नव्या घरांत आल्यापासून कामाचा भार कांहीं कमी झाला का ?"

ती हंसून म्हणाली, "गुरुजी, आधी चूल होती, पाणी लांबून आणायचं. आता शेगडी आली, नळ आला. तेवढ्या वेळात शंभर विड्या जास्त होतात की ! पण निजायची वेळ तीच."

दूरध्वनीविषयीं विचारलें, तेव्हां तिनें सांगितलें कीं, पूर्वीं पान आलें कीं नाहीं हें पाहण्यास शाखेपर्यंत पायपीट होई आणि खेप फुकट जाई. आतां निरोप घरबसल्या मिळतो. ही सोय मोठीच आहे. पण निरोप रात्रींही येतो, आणि उद्यां लवकर माल हवा असला तर रात्रींच पान भिजवावें लागतें. तिची धाकटी मुलगी महाविद्यालयांत आहे. तिचा अभ्यासही त्याच दूरध्वनीवर येतो, आणि रात्रीं आईचा हजारा भरावयाचा राहिला म्हणजे तिचेही हात सुपाकडे वळतात. "हिच्या हातांत सूप नको," एवढेंच ती बाई स्वर बदलून बोलली.

या एका वाक्यांत सारा प्रश्न सामावलेला आहे असें आम्हांस वाटलें. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानें कारखान्याच्या आवारांतील कामास दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली होती. पण उंबरा हाच जिचा कारखाना, तिच्यासाठीं भोंगा कोणीं वाजवावा ? शेगडीनें तास वांचविला, नळानें अर्धा तास वांचविला, आणि दर हजारामागें मिळणारी मजुरी अपुरी असल्यामुळें वांचलेला प्रत्येक क्षण सुपांत जाऊन पडला.

सोलापूर जिल्ह्याच्या शेतकऱ्यास हा न्याय पाण्यावरून चांगला कळेल. मोटेनें पाणी काढीत त्या काळीं दिवसभरांत जेवढें निघे तेवढेंच पिकास मिळे. विजेचे पंप आले, श्रम वांचले. पण त्या सवलतीवर उसाचें क्षेत्र वाढलें आणि विहिरी अधिकच खोल गेल्या. जेव्हन्स नांवाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालींच कोळशासंबंधीं असेंच दाखविलें होतें कीं, यंत्रें कमी कोळशांत अधिक काम करूं लागलीं म्हणजे कोळशाचा एकंदर खप उलट वाढतो. बांध नसलेल्या शेतांत पाणी टिकत नाहीं, तसाच मर्यादा नसलेल्या दिवसांत वेळ टिकत नाहीं.

आतां आपल्या स्वतःच्या घरांकडे वळूं. जातें, पाटा-वरवंटा, तांब्या-पितळेचीं भांडीं घासणें, हें सारें मागें पडलें. तें परत आणावें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. त्यानें आमच्या आयांच्या कमरा मोडल्या आहेत. पण दाबाचें भांडें आणि वाटण्याचें यंत्र आलें, तशी घराची जीभही लांबली. पूर्वीं सर्वांस एक आमटी चाले. आतां नातवास एक, आजोबांस दुसरें, आणि डब्यास तिसरें. अमेरिकेंतील रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनीं १९८३ सालीं एक ग्रंथ लिहून हेंच दाखविलें कीं, गृहयंत्रांनीं लांकडें फोडणाऱ्या पुरुषांचें व धुणें नेणाऱ्या गड्यांचें काम संपविलें, पण आईचें काम शिल्लकच ठेविलें; स्वच्छतेची आणि टापटिपीची अपेक्षा मात्र वाढविली. आपल्या देशांत २०१९ सालीं झालेल्या सरकारी वेळ-वापर पाहणींत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटें, आणि घरकामास हात लावणारे पुरुष ९७ मिनिटें त्यांत घालवितात, असें आढळलें. एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्या पुरुषांनीं हे दोन आंकडे एकदां जेवणाच्या पंक्तींत मोठ्यानें वाचून दाखवावे, अशी आमची सूचना आहे.

केन्स या विख्यात अर्थशास्त्रज्ञानें १९३० सालीं असें भाकीत केलें होतें कीं, शंभर वर्षांनीं माणसास आठवड्याला पंधरा तास काम पुरेल, आणि उरलेला वेळ कसा घालवावा हीच चिंता राहील. तीं शंभर वर्षें भरावयास आतां फारसा अवकाश नाहीं, आणि ती चिंता तर कोणाच्याच वांट्यास आलेली दिसत नाहीं. संपत्ति व यंत्रें वाढतील हें त्यानें बरोबर ओळखलें. पण वांचलेला वेळ आपोआप श्रमणाऱ्याकडे येतो हें त्याचें गृहीत टिकलें नाहीं.

आपल्या पूर्वजांस मर्यादेचें महत्त्व पुरतें ठाऊक होतें. वेदाध्ययनाहून श्रेष्ठ कार्य त्यांनीं कोणतें मानिलें ? तथापि अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा या तिथींस अनध्याय पाळावा, अकालीं मेघ गरजले तर पाठ थांबवावा, असा शास्त्राचा दंडक होता. ज्यांनीं वेदासही सुट्टी दिली, त्यांच्या वंशजांस दूरध्वनीस सुट्टी देतां येऊं नये काय ? ग्रीक भाषेंतील ज्या शब्दापासून 'स्कूल' हा शब्द आला, त्याचा मूळ अर्थ तर अवकाश, फुरसत असाच आहे. विद्या अवकाशांत वाढते. म्हणूनच त्या मुलीच्या हातांतील सुपाची आम्हांस एवढी काळजी वाटते.

फ्रान्स देशानें २०१७ च्या आरंभापासून नोकरांना कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क कायद्यानें दिला. आपल्या लोकसभेंत सुप्रिया सुळे यांनीं २०१८ सालीं त्याच हेतूचें खाजगी विधेयक मांडलें होतें. हे प्रयत्न स्तुत्य आहेत; परंतु ते मासिक वेतन मिळणारांकरितां आहेत. आमच्या वाचकांपैकीं बहुतेक याच वर्गांतले. त्यांनीं दिवेलागणीपासून जेवणें आटोपेपर्यंत घरांतील सारे दूरध्वनि एका फळीवर ठेवण्याचा नेम केला, आणि सुनेच्या कामांतील वांटा मुलांनीं उचलला, तर त्यांच्या घरीं दुसरा भोंगा आजच वाजूं लागेल. त्यास कायद्याचीही वाट पाहावयास नको.

कुंभारीच्या त्या उंबऱ्यावर मात्र हा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. जिची मजुरी हजाराच्या हिशेबानें ठरते, तिनें दूरध्वनि फळीवर ठेवला तर दुसऱ्या दिवशीं चूल थंड राहील. तिच्या दिवसाचा बांध संयमानें घातला जात नाहीं. तो मजुरीच्या दरानें घातला जातो. हजार विड्यांत घर चालेल एवढा दर तिला मिळाला, तरच नळानें वांचविलेला अर्धा तास तिच्या स्वतःच्या मालकीचा होईल, आणि तिच्या मुलीच्या हातीं रात्रीं पुस्तक राहील. वेळ वांचविण्याचें काम यंत्रें करितात; तो वांचलेला वेळ कोणाच्या पदरीं घालावयाचा, हें मात्र माणसांनींच ठरवावें लागतें. इत्यलम्.