फोटोपुरती पिशवी

दिवाळीच्या तोंडावर मावळात मदतीचा ओघ सुरू होतो. पुण्या-मुंबईची मंडळे, कंपन्या, क्लब फराळाची पाकिटे आणि नवे कपडे घेऊन कातकरी-ठाकर वस्त्यांकडे वळतात. यातले पुष्कळ वाटप शाळेमार्फत होते आणि ते योग्यच आहे. कोणाच्या घरी चूल रोज पेटत नाही, हे वर्गशिक्षकाला कागदपत्रे न मागताही कळते. पण तेच वाटप पटांगणात बॅनरखाली झाले की शाळेचा हा मोठा गुण वाया जातो. दात्याचा एक हात पिशवीवर, दुसरा मुलाच्या खांद्यावर; फोटो निघेपर्यंत पिशवी कोणीच सोडत नाही. सुट्टीनंतर त्याच वर्गात, त्याच बाकावर बसायचे असते ते त्या मुलाला. म्हणून शाळेने मध्यस्थ व्हावे ते घेणाऱ्याचे नाव झाकायला, त्याला रांगेत उभे करायला नव्हे.

दात्याने नाव लावू नये, असे मात्र मी म्हणणार नाही. मावळातल्याच कार्ले लेण्यांच्या चैत्यगृहातले खांब दात्यांच्या नावांनी भरलेले आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे परदेशी दातेही आहेत. तिथल्याच एका लेखानुसार क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने वलूरकच्या, म्हणजे कार्ल्याच्याच, लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिले. नाव कोरले गेले ते देणाऱ्याचे. शिवाय पावसाळ्यात भिक्षूंना एकाच जागी राहावे लागते, ही नेमकी अडचण ओळखून ते दान दिलेले होते.

आजची तशी नेमकी अडचण कोणती? शाळेला सुट्टी लागली की पोषण आहाराची चूलही विझते. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून रोज 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. सुट्टीत तेवढा भार घरावर पडतो. चकली-शेवेचे पाकीट दोन दिवसांत संपते. त्यापेक्षा तांदूळ, डाळ, तेल, गूळ, रवा, बेसन दिले तर पोट भरते आणि करंजी घरच्या कढईत तळली जाते. सरकारने 2022 च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यातही 100 रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल असे कोरडे सामानच होते. पण तो शिधापत्रिकेवर मिळत होता. भातकापणी उरकली की वीटभट्टीची वाट धरणाऱ्या घरांत ते कार्ड असेलच असे नाही. मुलाचे नाव मात्र हजेरीपटावर असू शकते.

फोटो नसेल तर हिशेब कसा लागणार, असे दाते विचारतील. हिशेब वस्तूंचा असतो, चेहऱ्यांचा नाही. किती किलो आले, किती घरांना गेले, याची मुख्याध्यापकांच्या सहीची पोच पुरे. शिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचे ओझे आहे, हा आक्षेप अधिक खरा आहे. म्हणून शिक्षकाने फक्त घरे सुचवावीत आणि बाकीचे काम शाळा व्यवस्थापन समितीने उचलावे. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया ठेवल्या आहेत. वंचित घटकांतल्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा दिली आहे. हे पालक आणि या स्त्रिया खरोखर बैठकीला बसल्या तर काय हवे ते ठरवण्यात घेणाऱ्यांचाही आवाज येईल. एका सणाने गरिबी हटत नाही, हा तिसरा आक्षेप. नाहीच हटत, मजुरीचा दर आणि जमिनीचा प्रश्न पिशवीने सुटत नाही. पण म्हणूनच पिशवीकडून मोठ्या अपेक्षा न ठेवता दोनच गोष्टी मागाव्यात: सुट्टीतले जेवण चुकू नये आणि सुट्टी संपल्यावर वर्गात यायला मुलाला लाज वाटू नये. पहिली दात्याच्या पैशाने साधेल. दुसरीसाठी त्याला फक्त बॅनर घरी ठेवून यावे लागेल.