मापाने जुना, जन्माने नवा

जुनी गाडी कामाला आली की मालक आधी बॉनेट उघडतो. मी आधी चाकाशी बसतो. इंजिन रुसलं तर गाडी जागेवर उभी राहते. टायर फुटला तर गाडी उभी राहत नाही, भलतीकडे जाते. एका चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. ब्रेक नवे करा, किंगपिन बदला, स्टिअरिंग बॉक्स उघडून पुन्हा बसवा, त्या सगळ्या मेहनतीचा रस्त्याशी संबंध येतो तो एवढ्याशा रबरातून.

या धंद्यात माझे केस पांढरे झाले आणि एक मत पक्कं होत गेलं. जुन्या गाडीत काच मूळची असावी, हँडल मूळचं असावं, सीटचं कापड त्या काळच्या विणीचं मिळालं तर फारच उत्तम. टायरच्या बाबतीत हा हट्ट उलटा करावा लागतो. टायर मापाने जुना आणि जन्माने नवा हवा. ही दोन्ही अंगं एकत्र सापडणं हीच आमच्या कामातली सगळ्यात चिवट शोधाशोध.

माझ्याकडे सर्वांत जास्त येते ती फियाट. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेली अकराशे डिलाइट, जी पुढे प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. या सगळ्या नावांखाली टायरचं मूळ माप एकच, 5.20-14. पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो, दुसरा रिमचा व्यास. टायरची उंची लिहिलेलीच नसते, कारण त्या काळी ती गृहीत धरत: रुंदीच्या साधारण 95 टक्के. हिशेब मांडला की बाहेरचा व्यास सुमारे 607 मिलिमीटर येतो. आजच्या टायरवर मात्र रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत आणि रिम इंचांत. दुकानात जाण्यापूर्वी जुन्या मापाचं नव्यात रूपांतर स्वतः करून ठेवावं लागतं. ते दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नये.

पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला या मापाची चौकशी केली की उत्तर ठरलेलं असतं. ‘‘दादा, एकशे पासष्ट घेऊन जा. स्विफ्टचा माल आहे, हवा तेवढा मिळेल.’’ त्याचं चूक नाही. 165/80 आर 14 हा टायर फियाटच्या रिमवर चढतो. पण त्याचा व्यास 620 मिलिमीटर, म्हणजे मूळ टायरपेक्षा दोन टक्के जास्त, आणि रुंदी 132 च्या जागी 165. दुसरा दुकानदार 175/70 आर 14 सुचवतो. त्याचा व्यास 601, कागदावर जवळजवळ बरोबर. रुंदी मात्र फियाटच्या अरुंद रिमला झेपणारी नाही. रिम अरुंद आणि टायर रुंद झाला की दोन्ही कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो आणि टायर मधोमध झिजायला लागतो. स्टिअरिंग जड होतं. पूर्ण वळवलं की चाक कुठेतरी घासतं, आणि मागे तीन माणसं बसली की मडगार्डच्या आतून आवाज येतो. 145/80 घेतला तर व्यास 588 वर येतो. गाडी खाली बसते, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो आणि हायवेला इंजिन विनाकारण ओरडतं. या सगळ्यांत 155/80 आर 14 मूळ मापाच्या सर्वांत जवळ जातो: व्यास 604. रेडियल टाकायचाच असेल तर मी हाच शोधतो, आणि तो लगेच मिळाला नाही तर मालकाला थांबायला सांगतो.

रेडियल टाकावा की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. आपल्याकडे क्रॉसप्लायला सर्रास नायलॉन टायर म्हणतात. त्यात नायलॉनच्या दोऱ्यांचे थर बाजेच्या सुंभासारखे तिरपे, एकमेकांना छेदत गेलेले असतात. त्यामुळे तळ आणि बाजूची भिंत एकाच ताकदीने, एकत्र हलतात. मिशेलिनने 1946 मध्ये रेडियलचं पेटंट घेतलं. त्यात दोऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडव्या जातात आणि तळाखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. भिंत लवचीक, तळ ताठ. रेडियल रस्ता घट्ट धरतो, कमी तापतो, जास्त टिकतो. नायलॉन टायर थोडा आधी घसरतो, पण हळूहळू, सूचना देऊन. ज्या गाडीचं सस्पेन्शन नायलॉन धरून आखलं होतं, तिच्या चालकाला ही सूचना हाताला कळते. रेडियल बराच वेळ धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो.

म्हणून जी गाडी मालक खरोखर चालवणार आहे, पुणे-सातारा करणार आहे, कुटुंबाला घेऊन कोकणात उतरणार आहे, तिला मी रेडियल सुचवतो. हवा दोन-तीन पौंड जास्त ठेवतो आणि अलाइनमेंट नव्याने करून देतो, कारण नायलॉनसाठी ठेवलेला टो-इन रेडियलला जास्त होतो आणि गाडी टायर खाते. जी गाडी वर्षातून एखाद्या रॅलीला आणि रविवारी सकाळी बाहेर पडते, तिला नायलॉन शोभतो. मात्र अशी गाडी बरेच दिवस एका जागी उभी राहिली की नायलॉन खालच्या बाजूने सपाट होतो आणि पहिले काही किलोमीटर गाडी धडधडत चालते. टायर गरम झाला की ते जातं. त्याला घाबरून नवे शॉक अब्सॉर्बर घालायची गरज नसते.

एक गोष्ट मात्र मी कुणाच्याही आग्रहाला बळी पडून करत नाही. एकाच अ‍ॅक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडियल घालत नाही, आणि पुढे रेडियल, मागे नायलॉन तर मुळीच नाही. पुढची पकड मागच्यापेक्षा जास्त झाली की ओल्या वळणावर गाडीची शेपूट बाहेर पडते आणि पुढची चाकं रस्ता सोडत नाहीत. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्याला मी अशी गाडी देऊ शकत नाही. दोनच टायरचे पैसे असतील तर गाडी आणखी थोडे दिवस गॅरेजमध्ये राहू दे.

मोह होतो तो जुन्या मालाचा. एखाद्या बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावरून कागदात गुंडाळलेले, एकदाही न चढवलेले टायर निघतात. कडेवर साहागंजचा डनलॉप किंवा शिवडीचा फायरस्टोन अशी नावं असतात आणि नक्षी इतकी खोल की बोट आत जावं. मालकाचे डोळे चमकतात. मला मात्र त्या क्षणी नक्षी दिसत नाही, वर्षं दिसतात. रबर वापराने झिजतं, तसं न वापरताही मरतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याचे दुवे तोडत राहतात. हे रोखायला टायरच्या रबरात मेणासारखे पदार्थ घातलेले असतात. चाक फिरतं, भिंत वाकते, तसे ते पृष्ठभागावर येऊन थर धरतात. पडून राहिलेल्या टायरमध्ये ते आतच राहतात, म्हणून उभ्या गाडीचा टायर धावत्या गाडीच्या टायरपेक्षा लवकर तडकतो.

सन 2000 पासून टायरच्या कडेवर जन्मतारीख चार आकड्यांत असते. 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. शेवटी तीनच आकडे दिसले तर टायर गेल्या शतकातला आहे, पुढे काही पाहायचं कारण नाही. खुद्द मिशेलिनचा सल्ला आहे की पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी जाणकाराकडून तपासावा आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांनंतर बदलावा. मी विकत घेताना टायर प्रकाशात धरतो, भिंत दोन्ही हातांनी वाकवतो आणि नक्षीच्या खोबणीचा तळ पाहतो, कारण बारीक भेगा तिथे आधी येतात. मग आतला भाग चाचपतो, कडेची तार कुठे उघडी पडली आहे का ते पाहतो. काळंभोर पॉलिश मारलेला टायर असेल तर आधी फडक्याने पुसून घेतो. पॉलिशने रंग येतो, रबराचा जीव परत येत नाही.

आकडे जुळणं पुरेसं नसतं, याचं सर्वांत ठळक उदाहरण जीपचं. विलीज आणि जुन्या महिंद्रा जीपचं माप 6.00-16. हे माप गावोगावी मिळतं, कारण ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचंही तेच आहे. ट्रॅक्टरचा टायर जीपच्या रिमवर चढतो, स्वस्त पडतो आणि त्याच्या तीन उभ्या धारा दिसायलाही रुबाबदार. पण त्याच्या कडेवर ए6 किंवा ए8 अशी खूण असते. तिचा अर्थ ताशी 30 किंवा 40 किलोमीटर, त्यापुढे नाही. नांगरटीसाठी घडवलेला तो टायर हायवेला तापतो, आणि ओल्या डांबरावर ब्रेक लावला की त्या उभ्या धारांना आडवं धरायला काही नसतं. जीपसाठी त्याच मापाचे वेगळे टायर आपल्याकडे बनतात. तेच मागावेत आणि वेगाची खूण स्वतः वाचावी.

फार जुन्या गाड्यांत तर माप वाचण्याची रीतच वेगळी. फोर्डच्या मॉडेल टीच्या मागच्या चाकाचं माप 30 बाय साडेतीन. त्यातला 30 हा रिमचा नसून टायरच्या बाहेरच्या व्यासाचा आकडा. दोन्ही बाजूंचे साडेतीन-साडेतीन वजा केले की रिम 23 इंचांची निघते. हे ठाऊक नसलेला माणूस 30 इंचांची रिम शोधत बसतो. असे टायर आज परदेशातच बनतात. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा इथे हॅरॉल्ड कोकर यांनी 1958 मध्ये सुरू केलेली कोकर टायर ही कंपनी जुन्या गाड्यांच्या मापाचे टायर ताज्या रबरात ओतून देते. मापाने जुना आणि जन्माने नवा टायर तो हाच. आपल्याकडे तो आणणं सोपं नाही. मोटारीच्या टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि 2020 पासून नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत गेली आहे.

टायर मिळाला तरी काम अर्धंच होतं. जुन्या रिमला ट्यूब लागतेच. ट्यूबलेस टायर त्या रिमवर ट्यूबशिवाय चालवायचा हट्ट करू नये. ट्यूब टायरच्याच मापाची, त्याच वेळी घेतलेली, नवी. रिम आतून तारेच्या ब्रशने गंज काढून रंगवून घ्यायची. टायरच्या आत चिकटवलेलं कागदाचं लेबल आठवणीने काढायचं, कारण तोच कागद घासून घासून ट्यूबला भोक पाडतो. मग आत संगजिऱ्याची पूड, ट्यूबमध्ये आधी थोडी हवा, आणि पान्ह्याखाली ट्यूब चिमटली नाही ना हे बोटांनी पाहूनच शेवटची कड चढवायची. घाईत मशीनवर चढवलेला टायर मी परत उतरवतो. स्टेपनीलाही तोच नियम, कारण अडचणीच्या रात्री तीच पहिली वापरली जाते.

5.20-14 हे माप एवढी वर्षं सहज मिळत होतं ते हौशी मालकांमुळे नव्हे. ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्याच्या पोटापाण्यावर जगत होतं. तो टायर गोटा होईपर्यंत पळवायचा आणि पुन्हा नवा घ्यायचा, म्हणून कारखान्यातला साचा चालू राहायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. अँबेसिडरचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं. 5.90-15 हे तिचं माप त्याच वाटेवर आहे. आता ही मापं टिकवायची जबाबदारी हौशी माणसांवर आली आहे, आणि हौशी माणूस टायर संपवत नाही.

म्हणून मालकांना आणि क्लबांना माझी विनंती आहे. एकेकट्याने दुकानं धुंडाळू नका. गावोगावच्या फियाट, जीप, अँबेसिडरवाल्यांनी दर काही वर्षांनी एकत्र मागणी नोंदवा. शंभर गाड्यांची एकदम आलेली ऑर्डर ऐकून घेणारा माणूस कारखान्यात भेटतो, चार टायर मागणाऱ्याला कुणी विचारत नाही. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना स्वतंत्र नोंदणी दिली आहे. त्यांच्या टायरसाठी आयातीची सुटसुटीत वाटही सरकारकडे मागायला हवी. आणि जुने टायर काढलेत की कडा कापून टाका, म्हणजे ते पॉलिश होऊन दुसऱ्याच्या गाडीवर चढणार नाहीत. गाडी साठ वर्षांची असली तर तिचा मान आहे. टायर दहा वर्षांचा झाला की तो उतरवायचा.