दोन गाण्यांच्या मध्ये

गाणं सुरू व्हायच्या आधी कॅसेटमधून एक सरसर यायची. बारीक, सलग, दूरच्या झाडांवर पाऊस आला असावा तशी. ती ऐकताना नकळत श्वास रोखला जायचा आणि मग यायचा व्हायोलिनचा पहिला सूर. आता गाणी लख्ख, निर्मळ येतात. तरीही पुनावळ्यातल्या या अकराव्या मजल्यावर, बायपासवरची वाहनं जरा विरळ झाल्यावर, मी कोजागरीची यादी करायला बसते तेव्हा प्रत्येक गाण्याआधी ती सरसर मला ऐकू येतेच. फोनमध्ये ती नाही, हे ठाऊक असतं. असो.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कोजागरीला गाण्यांचा कार्यक्रम असतो. एक स्पीकर, सतरंज्या, आटत आलेलं केशरी दूध, मी निवडलेली गाणी आणि मधे माझे चार शब्द. निवडायला त्रास पडत नाही. आवडती गाणी आपणहून समोर येतात. जीव अडकतो तो त्यांचा क्रम लावण्यात. माणिक वर्मांच्या आवाजातला तो सोज्वळ गोडवा अजून हवेत असतानाच ढोलकी कडाडली, तर दोन्ही गाण्यांवर अन्याय होतो. मधे सुधीर फडक्यांचं एखादं संथ, शब्द न् शब्द जपून म्हटलेलं भावगीत ठेवावं, की मग ढोलकीही हवीशी वाटते. गाणं तेच असतं, पण आधी काय ऐकलं यावर ते किती उमलेल हे ठरतं, असं मला मनापासून वाटतं.

हा नाद ताईमुळे लागला. ती लग्न होऊन मिरजेला गेली, तंतुवाद्यांच्या गावात, पण सासरी रेडिओ मोठ्या माणसांच्या खोलीत. मग निगडी प्राधिकरणातल्या आमच्या घरी दादा आणि मी तिच्यासाठी कार्यक्रम तयार करायला लागलो. बाबांची रात्रपाळी असली की दिवसा घरात कुजबुजूनच बोलायचं, म्हणून सेकंड शिफ्टचा आठवडा गाठायचा. कोरी साठ मिनिटांची कॅसेट आणायची. सुरुवातीच्या पारदर्शक पट्टीवर आवाज उमटत नाही, म्हणून चाकात पेन्सिल घालून ती हळूहळू फिरवायची. तपकिरी पट्टीची कड दिसली की थांबायचं. मग लाल खुणेचं बटण आणि शेजारचं बटण, दोन्ही एकदम. खट्. एका बाजूला अर्धा तास. जुनी गाणी बहुतेक तीन-सव्वातीन मिनिटांची, कारण अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीत तेवढंच मावायचं; म्हणजे आठ-नऊ गाणी आणि उरलेल्या वेळात आम्ही. शेवटचं गाणं मधेच तुटू नये म्हणून दादा वहीत मिनिटं-सेकंदांच्या बेरजा मांडायचा, आणि मी विविध भारतीवरच्या निवेदिकेसारखा आवाज खाली आणून ‘श्रोतेहो’ म्हणायची. श्रोती एकच होती.

एकदा दोन गाण्यांच्या मधे, मी निवेदनाचा कागद उलटत असताना, लांबून कंपनीचा भोंगा झाला आणि तोही पट्टीवर उमटला. दादा पुसून पुन्हा करू म्हणत होता, पण दुपार संपत आली होती, तसंच पाठवलं. ताईचं पत्र आलं. गाण्यांबद्दल दोन ओळी होत्या, बाकी सगळं भोंग्याबद्दल. तो ऐकला की बाबा डबा घेऊन सायकल काढताना दिसतात, असं तिनं लिहिलं होतं, आणि तेवढाच तुकडा ती मागे नेऊन नेऊन ऐकत होती. ताई गं!

तेव्हापासून मी गाण्यांच्या मधल्या जागेला जपते. आपल्याकडे ही जागा जाणत्यांनी पूर्वीच ओळखली होती. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत आणि आठवड्याला एकच नवं गीत. अधिक मास धरून छप्पन्न गीतं झाली, वर्षभर. क्रम तर कथेनंच लावून दिला होता, पण दोन गीतांच्या मधे आख्खा आठवडा होता. त्यात लोकांनी केलेली कामं, म्हटलेल्या ओळी, पाहिलेली वाट, हे सगळंही त्या रामायणातच जमा झालं असणार. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला लागायची, तिथेही पुढच्या पायरीचं गाणं कळण्याआधी ते क्षणभर थांबत, आणि त्या थांबण्यासाठी घराघरांत पानं उशिरा वाढली जात. वारकरी भजनात तर क्रम परंपरेनंच ठरलेला: आधी रूपाचा अभंग, रात्र चढल्यावर गौळण, शेवटी भैरवी. देहू इथून जवळ. गावठाणातल्या देवळातलं भजन वारा असेल तर आमच्या मजल्यापर्यंत येतं, आणि ऐकताना कळतं की भैरवी भैरवी वाटते ती आधीच्या सगळ्या रात्रीमुळे.

फोन मात्र गाण्याला गाणं चिकटवत जातो. म्हणून गच्चीवर मी तो हातात धरून बसते, गाणं संपलं की थांबवते, आणि खालच्या रस्त्याचा आवाज, कुणाच्या पोराचं रडणं, पातेल्यावरच्या डावाचा आवाज मधे येऊ देते. या इमारतींमध्ये लातूरची, खानदेशची, कोकणातली, पार बिहारची माणसं राहायला आलीत. प्रत्येकाचं लांब राहिलेलं घर कुठल्या आवाजात आहे, मला काय ठाऊक?

यंदा यादीत मालती पांडे आहेत, आणि त्यांच्यानंतरची जागा मी रिकामी ठेवली आहे. मी जिच्याकडून मेथी-शेपू घेते ती गावठाणातली आजी त्या जागी ओव्या म्हणणार आहे. याच मुळशी-मावळच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांनी वेचायला सुरुवात केली, आणि महाराष्ट्रभरातून तो साठा लाखाच्या वर गेला. आजीच्या मात्र कुणी टिपलेल्या नाहीत. ती यायला तयार आहे, पण माईक नको म्हणते, आणि जात्याची घरघर असल्याशिवाय ओवी सुचत नाही म्हणते. तेव्हा सध्या मी कुणाच्या पडवीत जुनं जातं उरलंय का, याची चौकशी करत गावठाणात फिरते आहे. दोघांना उचलून लिफ्टमध्ये ठेवता येईल एवढंच हवं.