दोन काटे

आम्ही शिकलगार. हत्यारांना धार लावणे हा आमचा पिढीजात धंदा. तलवारींचा जमाना संपला तेव्हा मिरजेतली आमच्या जमातीची काही घराणी तंतुवाद्यांकडे वळली. त्यांच्या हुनरामुळे मिरजेचा तंबोरा देशभर गेला, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या घरी मात्र सतारीऐवजी मोटार आली. आजोबा आर्मेचर भरायचे, अब्बा मोटारींचे वायरिंग करायचे, आणि आम्ही तिघे भाऊ आजही तेच करतो. फरक इतकाच, की आता आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या हौशी लोकांच्या असतात. त्या फक्त रविवारी बाहेर पडतात.

या गाड्यांत एक डबी असते, तिच्याविषयी लिहायचे आहे. 1960 च्या दशकातल्या पुष्कळ इंग्लिश गाड्यांच्या डॅशबोर्डामागे ती सापडते. आगपेटीपेक्षा लहान, पत्र्याची. एका बाजूला बी हे अक्षर, म्हणजे बॅटरी. दुसऱ्या बाजूला आय, म्हणजे इन्स्ट्रुमेंट. स्मिथ्स कंपनीची मीटरे असतील तर ही डबी बहुधा असतेच. मालकाला ती ठाऊक नसते, कित्येक मेकॅनिकांनाही नसते.

पेट्रोलचा काटा कशाने हलतो? आत दोन धातूंची एक जोडपट्टी असते आणि तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून करंट गेला की पट्टी तापते, वाकते, आणि काट्याला ढकलते. टाकीतला फ्लोट वर असेल तर करंट जास्त, काटा वर. पट्टी सावकाश तापते, म्हणून चावी फिरवल्यावर काटा आरामात चढतो आणि खड्ड्यात पेट्रोल हिंदकळले तरी थरथरत नाही. पण यात एक खोट आहे. बॅटरी कधी 12 व्होल्ट देते, कधी इंजिन जोरात असताना 14 च्याही वर जाते. मग ॲक्सिलेटर दाबला की टाकीत पेट्रोल वाढले असे दिसेल! ते होऊ नये म्हणून ही डबी.

डबीच्या आतही तशीच जोडपट्टी आणि तशीच तार. टोकाला एक पॉइंट. पॉइंट लागलेला असला की पुढे करंट जातो, पट्टी तापते, वाकते, पॉइंट सुटतो. पट्टी निवते, पॉइंट पुन्हा लागतो. गाडी चालू आहे तोवर हे असेच चालते. म्हणजे 10 व्होल्ट असे त्या डबीत कधीच नसतात. एकतर पुरते असतात, नाहीतर शून्य. काटा इतका सुस्त, की त्याला दोन्हींची सरासरी तेवढी कळते, आणि ती 10 भरते. नव्या डिजिटल मीटरने मोजायला जाल तर आकडे नुसते नाचतात. आम्ही टेस्ट लॅम्प लावतो. तो लुकलुकला की डबी जिवंत.

हे सगळे अब्बांनी आम्हाला 1978 साली एका दिवसात शिकवले. कारण चांगले नव्हते.

सांगलीच्या एका व्यापाऱ्याकडे ट्रायम्फ 2000 होती, दिल्लीच्या कुठल्याशा वकिलातीने वापरून विकलेली. तिच्यावर आमच्या गल्लीतले मामा ड्रायव्हर होते. सख्खे मामा नव्हेत, पण अम्मी त्यांना भाऊ म्हणे. त्यांचे बोट धरून आम्ही उरुसाला गेलेलो. मालकाची सवय अशी, की रात्री गाडी लावताना काटा बघायचा आणि सकाळी निघताना पुन्हा बघायचा. एकदा रात्री पाऊण टाकी होती, सकाळी अर्ध्याच्या खाली. आठवड्याने पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मालकाने काही विचारले नाही. पगार हातावर ठेवला आणि चावी मागितली.

मामांनी घरी येऊन एवढेच सांगितले, "शक आया उनको." त्यानंतर सांगली-मिरजेत त्यांना खाजगी गाडीवर कुणी ठेवेना. पेट्रोल विकणारा ड्रायव्हर, ही गोष्ट पसरायला किती वेळ लागतो?

दोन-अडीच महिन्यांनी तीच गाडी आमच्या दुकानी आली. नवा ड्रायव्हर म्हणाला, इंजिन तापतच नाही, टेंपरेचरचा काटा खाली पडून असतो. अब्बांनी बॉनेट उघडून रेडिएटरला हात लावला, तर चटका बसला. मग त्यांनी पेट्रोलचा काटा पाहिला. तोही खाली. ड्रायव्हर म्हणाला, टाकी कालच भरली आहे.

अब्बा आमच्याकडे वळून म्हणाले, "दोनो काटे एक साथ कैसे मरते रे? इनको खिलानेवाला एकच है. पहिले उसकू देखो."

डबी काढली, कडा हलक्या हाताने उलगडल्या. पॉइंट काजळीने काळे पडले होते. कधी नीट लागत, कधी नुसते टेकल्यासारखे करत. टेकले तर दोन्ही काटे खाली, लागले तर बरोबर. टाकीतले पेट्रोल जागच्या जागी होते. पहिल्या दिवसापासून तिथेच होते.

अब्बांनी डबी तशीच ठेवली, साफ केली नाही. मालकाला निरोप धाडला, की स्वतः या. ते आल्यावर मामांनाही बोलावले. चावी फिरवली, काटा अर्ध्याच्या खाली थांबला. मग टाकीचा बूच काढून सगळे पेट्रोल पाच-पाच लिटरच्या कॅनमध्ये उतरवले आणि मालकाला मोजायला लावले. टाकी जवळजवळ भरलेली होती. कुणी काही बोलले नाही. मालकाने दोन महिन्यांचा पगार दुसऱ्या दिवशी पाठवला. मामांनी तो घेतला, मोजून घेतला. पण त्या गाडीवर परत गेले नाहीत. पुढे ते ट्रकवर लागले आणि निवृत्त होईपर्यंत ट्रकवरच राहिले. अब्बांनी त्या कामाची मजुरी मात्र पुरी घेतली. फुकट केले असते तर मालकाला आपण उपकार केल्यासारखे वाटले असते, असे त्यांचे म्हणणे.

आमच्या मते उलटा बिघाड जास्त वाईट. डबीचा पत्रा बॉडीला नीट चिकटला नाही, अर्थ तुटला, तर आतली पट्टी तापतच नाही, पॉइंट सुटतच नाही, आणि पुरी बॅटरी काट्यांवर येते. दोन्ही काटे वर. टाकी रिकामी आणि काटा पाव दाखवतो. अशा गाड्या रात्री आंबा घाटात बंद पडलेल्या आम्ही ओढून आणल्या आहेत. त्यात काम काय असते? डबीचा स्क्रू सोडायचा, गंज खरवडायचा, स्क्रू पुन्हा आवळायचा.

आता बहुतेक जण तीन पायांची 7810 ही आयसी बसवतात. स्वस्त आहे, झिजत नाही, सरळ 10 व्होल्ट देते. धाकट्याचा कल तिकडे. जुन्या डबीतली पट्टी काढून तो आयसी आतच बसवतो, बाहेरून काही कळत नाही. मात्र काही जुन्या इंग्लिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते. तिथे 7910 लागते, आणि तिची पाठ डबीला टेकवून चालत नाही, शॉर्ट होते. मध्ये अभ्रकाचा तुकडा घालावा लागतो. हे न कळल्यामुळे लोकांनी वायरिंग जाळलेले आम्ही पाहिले आहे.

थोरल्याला आयसी पटत नाही. तो पॉइंटच साफ करतो. जाड कागद नाही, बारीक कानस, तीही दोनच हात. मग कोऱ्या कार्डाची पट्टी मधून ओढायची. आमचा एक चुलतभाऊ तंबोऱ्यांची जवारी काढतो, त्याची कानस त्याने मागून आणली आहे. मधल्याचे मत विचाराल तर तो गिऱ्हाइकावर सोडतो. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने गेल्या महिन्यात आतले जुनेच ठेवा म्हणून सांगितले. त्याची डबी दिवसभर टेबलावर लॅम्पला जोडून ठेवली होती. संध्याकाळी दुकान बंद करायची वेळ झाली तरी लुकलुकत होती.