ते परीक्षेला नाही

इतिहास शिकवताना मला एक खोड होती. वर्ग पेंगायला लागला की एखादी गोष्ट सांगायची. कोलंबसचा धडा आला, १४९२ साल फळ्यावर लिहिलं, की मी हटकून ग्रानादाची गोष्ट सांगत असे.

कोलंबस निघाला त्याच वर्षी, २ जानेवारीला, स्पेनच्या दक्षिणेतलं ग्रानादाचं राज्य बुडालं. इ.स. ७११ मध्ये स्पेनमध्ये आलेली मुस्लिम सत्ता आकसत आकसत त्या डोंगराळ मुलखापुरती उरली होती. नासरी घराण्याने ती अडीचशे वर्षं टिकवली, कधी कास्तीलला खंडणी देऊन, कधी लढून. शेवटी घरातच फूट पडली. बाप, मुलगा आणि काका एकमेकांवर उठले. इकडे फर्डिनांड आणि इसाबेला एकेक ठाणं घेत होते. १४८७ मध्ये मालागा बंदर गेलं आणि ग्रानादा एकटं पडलं. शेवटचा सुलतान बोअब्दिल किल्ल्या देऊन निघाला, खिंडीत वळून त्याने अल्हम्ब्राकडे पाहिलं आणि त्याला रडू फुटलं. तेव्हा आईने त्याला बायकांसारखं रडतोस म्हणून टोमणा मारला.

इथे वर्ग चिडीचूप होई. मला बरं वाटे.

एका वर्षी मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी उभी राहिली. “बाई, राजा तर गेला. पण मागे राहिलेल्या लोकांचं काय झालं?” खरं तर मला ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, “ते परीक्षेला नाही.” ती खाली बसली. पुन्हा तिने कधी प्रश्न विचारला नाही.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा उत्तर सापडलं. शहर देण्याआधी, नोव्हेंबर १४९१ मध्ये, रीतसर तह झाला होता. लोकांचा धर्म, मशिदी, घरंदारं, त्यांचे काझी, सगळं राहील, कुणालाही जबरदस्तीने बाटवणार नाही, असं राजा-राणीने लिहून दिलं होतं. पहिला आर्चबिशप तालावेरा धीराने वागला. लोकांशी बोलता यावं म्हणून त्याने आपल्या पाद्र्यांना अरबी शिकायला लावलं. पण १४९९ मध्ये सिस्नेरोस आला. जबरदस्तीचे बाप्तिस्मे सुरू झाले, अरबी ग्रंथांची होळी झाली, वैद्यकाचे तेवढे वाचले. लोक उठले, तर बंड केलंत म्हणून तह रद्द! १५०२ मध्ये कास्तीलभर हुकूम निघाला, धर्म बदला नाहीतर देश सोडा.

ज्यांनी बदलला त्यांचंही भागलं नाही. १५६७ मध्ये त्यांची अरबी भाषा, पोशाख, हमामखानेसुद्धा बंद करायचा हुकूम आला. पुढच्याच वर्षी डोंगरात मोठं बंड झालं, ते चिरडलं गेलं. आणि १६०९ ते १६१४ या काळात सुमारे ३ लाख माणसं जहाजांत भरून हाकलली गेली. तोवर त्यांच्या कित्येक पिढ्या कागदोपत्री ख्रिस्तीच होत्या.

म्हणजे फळ्यावर मी ज्या तारखेखाली रेघ मारत होते, तिथून पुढे सव्वाशे वर्षं गोष्ट चालूच होती. ती त्या मुलीला दिसली होती, मला नाही.

आणखी एक गोष्ट कळली. आईचा तो टोमणा ही मागाहून जोडलेली दंतकथा आहे. मी स्वतः बाईमाणूस, पण पंचवीस-तीस वर्षं ‘बायकांसारखं रडणं’ मुलींसमोर रंगवून सांगत होते आणि वर्ग गप्प झाला म्हणून खूश होत होते.

ग्रानादात अजूनही दरवर्षी २ जानेवारीला तो विजयदिन साजरा होतो आणि त्यावरून दरवर्षी वादही होतात. ती तारीख आली की मला अल्हम्ब्रा आठवत नाही, मागचा बाक आठवतो. ती मुलगी आता पन्नाशीच्या घरात असेल. भेटली तर उत्तर देईनच. पण आधी सांगेन, “त्या दिवशी मला माहीत नव्हतं गं. तेवढं म्हणायला हवं होतं.”