हिरव्या डोक्याचा दगड

सलग सतरा देश बरोबर आले होते. अठरावा आला तेव्हा पप्पा बाजूला येऊन बसले.

रविवार दुपार, सफाळ्याचं घर, आणि मी जिओगेसर खेळत होतो. २०१३ साली एका स्वीडिश प्रोग्रामरने बनवलेला हा खेळ. स्ट्रीट व्ह्यूमधल्या कुठल्या तरी रस्त्यावर तुम्हाला सोडून देतात आणि तो कुठला ते ओळखायचं. मी खेळतो त्या प्रकारात फक्त देश सांगायचा असतो. एक चुकला की साखळी तुटते.

एरवी मी हे डहाणू लोकलमध्ये खेळतो, येता-जाता, त्यामुळे हात बसलाय. जपानमध्ये विजेच्या खांबांना खालच्या बाजूला पिवळे-काळे तिरके पट्टे असतात. केनियात तर रस्ता बघावाच लागत नाही. फोटो काढणाऱ्या गाडीच्या इंजिनाला हवा देणारी उभी नळी फोटोच्या कडेलाच दिसते. ही खरं तर कॉपी झाली, पण सगळेच करतात.

भारत बराच काळ या नकाशात धड नव्हताच. २०११ मध्ये बंगळुरूत गाड्या फिरायला लागल्या आणि पोलिसांनी थांबवल्या. २०१६ मध्ये केंद्र सरकारने परवानगी नाकारली. शेवटी जुलै २०२२ मध्ये दहा शहरांपासून सुरुवात झाली. त्यात मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचं अहमदनगर होतं. त्यानंतर खेळात भारत वरचेवर यायला लागला. ऑफिसातल्या एकाने मला नियम सांगितला, "कचरा आणि वायरींचा गुंता दिसला की डोळे मिटून इंडिया दाब." मी हसलो होतो. आणि तो नियम वापरतही होतो.

तर अठरावा रस्ता. दोन्ही बाजूंना नारळ, ओली लाल माती, गाड्या डावीकडून. मधला पट्टा ठळक, कडेला कागदाचा कपटा नाही. लांब एका पाटीवर गोल गोल अक्षरं, धूसर. गोल अक्षरं म्हणजे सिंहली. मी श्रीलंकेवर बोट नेलं.

"आपल्याकडचाच आहे की हा," पप्पा म्हणाले.

"नाही पप्पा, एवढा स्वच्छ कुठे असतो?"

ते काही बोलले नाहीत. मी दाबलं. केरळ निघालं. ती अक्षरं मल्याळम होती, तीही गोलच असते. साखळी तुटली.

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. डावीकडे गवतात अर्धा बुडालेला किलोमीटरचा दगड होता. पांढरा, वर गोलाकार हिरवं डोकं. "स्टेट हायवे. नॅशनलला पिवळं असतं. गावातल्या, योजनेतल्या रस्त्याला नारंगी."

पप्पा बांधकाम खात्यात मैलकुली म्हणून लागले आणि मुकादम म्हणून निवृत्त झाले. पावसाळा संपला की खड्डे भरायचे, गवत काढायचं आणि दगड रंगवायचे. लहानपणी वरई फाट्याकडे जाताना ते स्कूटर थांबवून एखादा दगड दाखवायचे, हा मी केला म्हणून. मला कंटाळा यायचा. जपानचे खांब मी पाठ केले, त्यासाठी यूट्यूबवर तासन् तास घालवले. हा दगड माझ्या एकाही यादीत नव्हता.

खरं सांगायचं तर दगड फोटोत आधीपासून होता, पहिल्याच फ्रेममध्ये. रस्ता स्वच्छ आहे म्हणजे तो आपला नाही हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. पुढचं सगळं त्याला पुरावे गोळा करणं होतं. ऑफिसातल्या त्याला नावं ठेवायला आता मला तोंड नाही.

सॉरी म्हणावंसं वाटत होतं, पण कशाबद्दल ते सांगता आलं नसतं. म्हणून विचारलं, "दुसरा लावू?"

"थांब," म्हणत त्यांनी चष्मा वर सरकवला आणि दोन बोटांनी तो दगड मोठा केला. बराच वेळ बघत राहिले.

"रंग बरा लावलाय," ते म्हणाले. "पण बुडाशी गवत ठेवलंय. अंक वाचायचा कसा माणसाने?"