तुम्हालाच त्रास होईल

मुलाखतीत मला तोंडावर ‘नाही’ कुणी म्हटलं नाही. सगळ्यांना माझी काळजीच फार. “आमची काही हरकत नाही हो मॅडम, पण तुम्हालाच त्रास होईल.” पुण्यातल्या इतक्या केबिनांमध्ये हे ऐकलंय की समोरच्यानं ‘आमची’ म्हटलं की पुढचं मला पाठ असतं.

लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय गेला. पल्स पोलिओ मोहीम आली १९९५ साली, तोवर माझं व्हायचं ते होऊन गेलं होतं. मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर आहे. दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि गुडघ्याशी खटका. उभं राहताना खटका लावायचा, बसल्यावर सोडायचा. केबिनमधल्या चाकांच्या खुर्चीशी माझं जुनं वैर. टेकायला गेलं की ती मागे पळते. म्हणून टेबलाची कड धरून, पाय सरळ ठेवून बसायचं आणि मग खटका सोडायचा. तो वाजतो. वाजला की समोरची नजर माझ्या अर्जावरून खाली उतरते, आणि तिथून मुलाखत पायाची होते.

हे जन्मापासूनच का? येणं-जाणं कसं करता? घरी कोण कोण असतं? एकानं तर “सासरचे काही म्हणत नाहीत?” हेही विचारलं. मी बी.कॉम. एका सीएंच्या ऑफिसात बरीच वर्षं काम केलं, ते निवृत्त झाले म्हणून नोकरी शोधत होते. जीएसटी पोर्टलवरचं २बी विवरण आणि आपलं खरेदी रजिस्टर जुळलं नाही तर काय करता, हे याच लोकांनी फोनवर खोदखोदून विचारलेलं असायचं. प्रत्यक्षात गेले की जीएसटीचा विषयच निघायचा नाही.

भोसरीकडच्या एका कारखान्यात एचआरच्या बाई फार गोड बोलल्या. चहा स्वतः आणून दिला. अकाउंट्स दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. “तुमची दगदग मला बघवणार नाही,” म्हणाल्या. मी सांगितलं, मी बसनं आलेय आणि राहते तिसऱ्या मजल्यावर, तिथंही लिफ्ट नाही. “तुमच्या जिद्दीला सलाम,” त्या म्हणाल्या. आणि मग, कळवते. सलाम ठोकायला पैसे पडत नाहीत, पगार द्यावा लागतो.

अपंगांना सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखीव आहेत, खासगीत तसं काही नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २१ खासगी आस्थापनांनाही लागू आहे. प्रत्येकीनं समान संधी धोरण करून ते जाहीर करायचं. २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यासाठी संपर्क अधिकारीही नेमायचा. निघताना मी त्या बाईंना हे धोरण बघायला मागितलं. त्यांनी भिंतीवरचा महिला तक्रार समितीचा फलक दाखवला.

आता जिथं काम करते तिथल्या मालकांनीही पायाबद्दल विचारलंच. “पुढं पायऱ्या आहेत, मागनं गोडाऊनमधून सपाट आहे. तुम्हाला कुठून बरं पडेल?” एवढंच. मग बिलांचा गठ्ठा पुढ्यात टाकला. म्हणाले, यातल्या कशाचं जीएसटी क्रेडिट घेता येणार नाही? मी हॉटेलातल्या जेवणाचं बिल बाजूला काढलं आणि त्यांच्या स्वतःच्या नव्या मोटारीचंही. मोटारीच्या बिलाकडे बघून त्यांचा चेहरा जरा पडला. दुसऱ्या दिवशी फोन आला, एक तारखेपासून या.

पायाबद्दल विचारूच नका, असं माझं मुळीच म्हणणं नाही. काय सोय लागेल ते जरूर विचारा. त्रास होईल की नाही, ते माझं मला ठरवू द्या.

आणि माझ्यासारख्या उमेदवारांना एक सांगणं. ‘कळवतो’ ऐकून गप्प घरी बसू नका. ईमेल करून नकाराचं कारण विचारा, समान संधी धोरणाची प्रत मागा. उत्तर आलं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. तक्रार तिथं लेखी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.